जुन्या बरणीला खार फुटलाय, सोप्यात मांडायची कशी?

शहापूर_सोपा:
माळ्यावरून लोणच्याच्या तीन जुन्या बरण्या काढल्यात. दोन वर तपकिरी, खाली पांढऱ्या. तिसरी हातभर उंच, लाल मातीची, हिरवट झिलईची. तिच्या पोटावर पांढरी भुकटी येते, पुसली की चार दिवसांत परत. सोप्यात दाराशेजारी ठेवायच्यात. एकीचा दिवा करता येईल का?

खानापूर_माती:
आधी बुडाच्या कोऱ्या, झिलई नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब टाका. तसाच राहिला तर बरणी 1200 अंशांच्या आसपास भाजलेली, पक्की. झटकन मुरला तर कमी आचेची माती. तपकिरी-पांढऱ्या बहुतेक पक्क्याच निघतील, त्यांना साबण-पाणी पुरे. काळजी तिसरीची घ्या.

ती भुकटी म्हणजे मातीत मुरलेलं लोणच्याचं मीठ. पावसाळ्यात ते ओल धरून विरघळतं, दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की झिलईखाली त्याचे खडे होतात आणि झिलई आतून उचलतात. म्हणून वरवर पुसून भागत नाही. झिलई घट्ट असेल तर बरणी टबात पूर्ण बुडवा, दोन दिवसांआड पाणी बदला, असं दोन-तीन आठवडे. नंतर सावलीत महिनाभर वाळू द्या, उन्हात नको. नखाने पापुद्रा सुटत असेल तर मात्र अजिबात बुडवू नका, मऊ ब्रशने कोरडीच झाडा. ब्लीच नको, त्याचेही क्षार भेगांत बसतात. वार्निशही नको, ओल आत कोंडते.

नंदगड_वाडा:
बरणी पोटाला रुंद, बुडाला अरुंद. दाराशेजारी पोरांचा धक्का लागला की कलंडते. पिशवीत कोरडी वाळू बांधून तळाचा तिसरा हिस्सा भरा. सुटी वाळू ओतू नका, काढताना आतली झिलई खरवडते. बुडाला फेल्ट लावा. जुन्या मातीच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर भिंतीची ओल परत बरणीत.

शहापूर_सोपा:
आणि दिवा? लाल बरणीत पाणी घालून फुलं ठेवली तर?

खानापूर_माती:
पाणी थेट नको, पाझरेल. आत काचेचा ग्लास ठेवून त्यात फुलं लावा.

दिव्यासाठी पक्क्यांपैकी एक घ्या, पण भोक पाडू नका, तडा जातो. सुताराकडून तोंडाच्या मापाचं सागवानी झाकण कातून घ्या. होल्डर त्यावर बसवा, वायर झाकणाच्याच कडेला खाच करून बाहेर काढा. बल्ब एलईडीच, 7 वॅटचा.

हिरवट झिलईच्या त्या लाल बरणीत मात्र लोणचं-चिंच परत भरू नका. अशा जुन्या झिलईत शिसं असू शकतं, आंबट लागलं की ते पदार्थात उतरतं.