क्लच प्लेट बदलल्यापासून रिवर्स कचकच करते आन हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा वर जाते

घाटंजीवाला:
भाऊ लोकहो, जरा सांगजा. आमच्याकडे २००७ ची जुनी डिझेल सात सीटर हाय, पाच गियरवाली, १,८०,००० किमीच्या वर चालली. दिवाळीच्या आधी क्लच प्लेट टाकली, त्यासाठी गियरबॉक्स खाली उतरवला होता. तेव्हापासून फर्स्ट आन रिवर्स लय जोर लावून पडते, रिवर्सले तर कचकच आवाज येते, आन सकाळी थंडीत थर्डवरून सेकंड टाकला तरी तसंच. इंजिन बंद असलं की सगळे गियर लोण्यासारखे पडते. दुसरं म्हंजे दिवसा टेंपरेचरचा काटा मधात रायते, पन रात्री हेडलाइट आन ब्लोअर चालू केला की लाल पट्टीजवळ जाते, बंद केला की लगेच खाली. डिझेलचा काटा जागचा हालत नाही. स्पीडचा काटा मधामधात मरते. मिस्त्री म्हनते गियरबॉक्स खोला आन मीटर नवीन टाका, २५,००० धरून चाला. कापूस अजून घरातच पडून हाय. पंधरा दिवसातून एकदा आईले यवतमाळले दवाखान्यात न्यावं लागते, येतायेता रात्र होते, ती मागं झोपली असते आन काटा लालजवळ गेला की माह्ये हातपाय गार पडते.

वायरिंगवाला, अमरावती:
मीटर बदलू नका भाऊ, पैसे वाया जातील. इंजिन खरंच तापत असेल तर लाइट बंद केल्याबरोबर काटा खाली येत नाही, पाणी थंड व्हायला वेळ लागतो. या जुन्या गाड्यांत टेंपरेचर सेन्सरला एकच वायर असते, बाकीचा रस्ता इंजिनच्या लोखंडातून म्हणजे अर्थमधून. गियरबॉक्स उतरवताना इंजिन आणि चेसिसच्या मधली अर्थची पट्टी काढावी लागली असेल, ती परत नीट बसली नसणार. लाइट-ब्लोअरचा लोड आला की इंजिन आणि बॉडीत व्होल्टेजचा फरक पडतो आणि काटा खोटा वर जातो. डिझेलचा फ्लोट (टाकीतला तरंगता सेन्सर) बॉडीवर अर्थ असतो म्हणून तो काटा हलत नाही, दोन्ही काटे सोबत वर गेले असते तर मी मीटरची अर्थ किंवा मीटरचा व्होल्टेज रेग्युलेटर पाहा म्हटलं असतं. इंजिन चालू, लाइट-ब्लोअर चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा, ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, अर्धा व्होल्ट आला तर पट्टीच चोर आहे.

वणीचा फिटर:
गियरबॉक्स खोलायची घाई करू नको. बंद गाडीत गियर पडते आन चालू गाडीत पडत नाही म्हंजे क्लच पूर्ण सुटत नाही. क्लच खालपर्यंत दाबून पाच-सात सेकंद थांब, मग रिवर्स टाक, तरी कचकच झाली तर क्लच चिकटते. मग दोन-तीन वेळा पटापट पंप करून टाकून पाह्य, गियर बिनआवाज पडला तर क्लचच्या ऑइलच्या लाइनमधे हवा हाय नाहीतर मास्टर सिलेंडर (पेडलकडचा ऑइल ढकलनारा पंप) गेला. स्लेव्ह सिलेंडरचं (गियरबॉक्सकडचा, त्या ऑइलच्या जोरावर क्लच सोडवनारा) रबर वर करून पाह्य, आत ओलं दिसलं की समजून घे तो लीक हाय. स्पीडच्या केबलचा नट गियरबॉक्सवर हातानं फिरते का तेही पाह्य, केबलले ऑइल लागलं असलं तर तिथचं सील लीक हाय.

आर्णी रोड:
गियर ऑइल पाहताना गाडी सपाट जागी लाव आन ड्रेन नट खोलायच्या आधी वरचा भरायचा नट खोल. तो जाम निघाला आन खालचं ऑइल सांडून बसलं तर गाडी तिथेच अडकते. नवीन ऑइल ८०-९० ग्रेडचं घे पन जीएल-४ की जीएल-५ (गियर ऑइलचे दोन प्रकार) हे मॅन्युअल पाहूनच, काही जीएल-५ ऑइल पितळी सिंक्रो रिंग (गियर पडताना वेग जुळवनारी) खाते. आन काटा खोटा हाय असं ठरवून मोकळा होऊ नको, सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं पानी पाह्य, कमी होत असलं तर ते वेगळं दुखणं.

घाटंजीवाला:
सगळ्यायचे उपकार झाले. मल्टीमीटर ०.९ दाखवत होता. खाली झोपून पाहलं तर अर्थची पट्टी बेल हाउसिंगवर (गियरबॉक्सचा क्लच झाकनारा पुढचा भाग) लावलेली, पन नटाखाली नवा काळा रंग मारला होता आन पट्टीचे अर्धे तार तुटलेले. कानशीनं लोखंड चकचकीत केलं, १५० रुपयाची नवीन पट्टी टाकली, आता ०.०४. लाइट-ब्लोअर चालू करून अर्धा तास उभा ठेवला, काटा मधातच. रेडिएटरचं पानी चार दिवस पाहलं, तेवढंच हाय. लहान भावाले पेडलवर बसवून क्लचची हवा काढली, रिवर्स बिनआवाज पडते. केबलचा नट ढिलाच होता, आवळला. गियर ऑइल बोट आत घातलं तरी लागलं नाही इतकं कमी होतं, काढलं ते काळं, ड्रेन नटच्या चुंबकाले राखेसारखी पेस्ट होती, तुकडे नव्हते.

थंडीत सेकंड थोडा कचकचतेच, गरम झाला की नाही.

वणीचा फिटर:
तुकडे नाहीत तर चालव. ती सेकंडची सिंक्रो रिंग झिजली हाय. थर्डवरून उतरताना न्यूट्रलमधे क्लच सोडून थोडा अ‍ॅक्सिलेटर दे, परत क्लच दाबून सेकंड टाक, आवाज येनार नाही. उन्हाळ्यात कापसाचे पैसे आले की खोलू.

घाटंजीवाला:
बरं भाऊ. काल रात्री आईले घेऊन यवतमाळवरून आलो, पूर्ण रस्ता हेडलाइट लावून, काटा हालला नाही.