‘वेढा’ म्हणावं का? (‘झुलू’च्या निमित्ताने)

‘झुलू’ (१९६४) या चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्ट या ब्रिटिश ठाण्यावर झुलू योद्धे चालून गेले, त्याला ‘वेढा’ लिहिलं, पण वाचताना खटकतंय. का, ते कळत नाही.

— खटकणारच. वेढ्याला मुक्काम लागतो. तळ ठोकायचा, रसद तोडायची, वाट बघायची. सिद्दी जौहर १६६० साली पन्हाळ्याखाली भर पावसात बसून राहिला, तो वेढा. इथे २२ जानेवारी १८७९ ला दुपार कलल्यावर हल्ला सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत झुलू माघारीही फिरले. आत जेमतेम दीडशे, बाहेर तीन-चार हजार, पण उपाशी मारायला कोणीच आलं नव्हतं. ‘गराडा’ लिहा.

— गराडा चाहत्यांचा पडतो हो, त्यात जिवाची भीती कुठे? (‘घेराव’ तर नकोच, युनियन आठवते.) ‘वेढा’ हे नाम टाळा, ‘वेढलं’ हे क्रियापद ठेवा. त्याला मुदतीची अट नाही. धुकंही वेढतं, चिंताही वेढते.

— हे पटलं. माझा जीव मात्र ‘मोर्चा’त अडकलाय. मक्याची पोती आणि बिस्किटांच्या पेट्या रचून त्या शिपायांनी जी आडभिंत उभी केली, तिला जुन्या मराठीत सरळ मोर्चा म्हटलं असतं. मोर्चा म्हणजे आडोशाची, लढायची जागा. आज ‘शिपायांनी मोर्चा बांधला’ असं लिहिलंत तर प्रेक्षक घोषणांची वाट बघेल! ‘मोर्चेबांधणी’त जुना अर्थ शिल्लक होता, तीही निवडणुकीने पळवली. आणि ‘त्याने आपला मोर्चा ताटाकडे वळवला’ म्हणताना तोफा कोणाला आठवतात?

मग त्या भिंतीला काय म्हणू? पडद्यावर एका ओळीतच बसवायचंय.

— ‘आडोसा’. नाहीतर नुसतं ‘भिंत’. पोती दिसतायत की समोर.

— जाता जाता, ‘ड्रिफ्ट’ म्हणजे आपला ‘उतार’, नदी पायी ओलांडता येते ती जागा. ‘नदीला उतार नाही’ म्हणतो तोच. बफेलो नदीच्या उताराजवळ रोर्क नावाच्या व्यापाऱ्याचं ठाणं होतं, म्हणून ते नाव. ‘रोर्कचा उतार’ करून बघा.

केलं. मैत्रिणीला दाखवलं. तिने विचारलं, “घाट कुठला?” रोर्क्स ड्रिफ्टच ठेवतेय.