चवथीच्या माटोळीखाली झालेला वाद: गोवा घालवला कुणी, बापांनी की आम्ही?

डोंगरवाट (बार्देश, वय 29)

गणेश चवथीच्या आदल्या रात्री माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट, बांधत होतो. मी स्टुलावर, मोठे काका खालून एकेक जिन्नस हातात देत होते. कवंडळ देताना थांबले. म्हणाले, "हे कुठं मिळतं सांग." मी म्हटलं, म्हापशाच्या बाजारात. त्यावर सगळ्या घरासमोर ऐकवलं, "तुमच्या पिढीनंच गोवा घालवला. शेतात पाय नाही, ग्रामसभेत तोंड उघडत नाही, संधी मिळाली की लंडन."

सणाचा दिवस, गप्प बसलो. पण ते शब्द अजून गेलेले नाहीत.

मी लहान असताना कवंडळ, मावळिंग, रानातली सगळी फळं घरामागच्या डोंगरावरून यायची. तो उतार आमच्याच भाटाचा, म्हणजे बागायतीचा. 2008 साली विकला. मी तेव्हा सातवीत होतो. आज तिथे चिऱ्यांचं उंच कुंपण आहे, आत व्हिला आहेत, वर्षातले बरेच महिने त्यांना कुलूप असतं. डोंगर कापल्यापासून आमची विहीर शिमगा झाला की तळ दाखवते. मला रान ओळखता येत नाही हे खरं आहे. पण ओळखायला रान ठेवलं कुणी?

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. मांडवीत कसिनोची जहाजं उभी राहिली तेव्हा आम्ही मतदार नव्हतो. खाणींनी डिचोली, सांगे पोखरले तेव्हाही नव्हतो. ज्यांनी सगळं विकून खाल्लं त्यांनी आम्हाला राखणदारीचे धडे देऊ नयेत. मला इथे उत्तर हवंय, विशेषतः साठीपुढच्यांकडून.

जुना मास्तर (पेडणे)

मी सत्तर पूर्ण केली. उत्तर मागितलंस, देतो, पण पूर्ण वाच.

माझा बाप मुंडकार. घर आमचं, त्याखालची जमीन भाटकाराची. मागच्या भिंतीला खिडकी पाडायची होती तर आईने दोन वर्षं वाट पाहिली, कारण भाटकार "बघू" म्हणाला होता. झाडाचा पहिला फणस त्याच्याकडे पोचवायचा. त्याच्या घरी कार्य असलं की आमच्या घरची सगळी माणसं तिकडे राबायला, मजुरीचं नाव नाही. 1961 ला गोवा मुक्त झाला म्हणून हे दुसऱ्या दिवशी थांबलं नाही. मुंडकार कायदा 1975 चा, कसेल त्याला जमीन मिळाली ती 1976 च्या दुरुस्तीने. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा उघडल्या, त्यातल्याच एका शाळेत मी शिकलो आणि पुढे तशाच शाळेत शिकवलं. आमच्या पिढीने गोवा घालवला म्हणतोस, तर आधी तो आमच्या हाती कधी आला ते बघ.

आणि आम्ही हात बांधून बसलो नव्हतो. रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध उठले ते सत्तरच्या दशकात. केरीच्या पठारावर नायलॉनचा कारखाना येत होता, 1995 साली तिथे पोलिसांच्या गोळीने एक तरुण गेला, पण कारखाना होऊ दिला नाही. 2011 पर्यंतचा जमीनवापराचा प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून 2007 च्या जानेवारीत मागे घ्यायला लावला. त्याच वर्षाच्या शेवटी विशेष आर्थिक क्षेत्रंही रद्द झाली. त्या सभांना मी होतो, पायात चपला झिजवल्या आहेत.

माझं शेत मी विकलेलं नाही. ते पडीक आहे. दोन मुलगे आहेत, दोघांपैकी एकालाही नांगरणी-लावणीत रस नाही. आता सांग, ती पडीक जमीन कुणाच्या खात्यावर लिहायची?

ट्रकवाला (साखळी)

मी 38 चा. काकांच्याही पिढीत बसत नाही, तुझ्याही नाही, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

आमचं शेत खाणीच्या पायथ्याला. दर पावसाळ्यात वरून लाल चिखल उतरायचा आणि लावलेलं भात त्याच्याखाली जायचं. कंपनी वर्षाला नुकसानीचा चेक द्यायची. बाबा सुरुवातीला भांडले, मग चेकची वाट बघायला लागले. पाचसहा वर्षांनी कुणी भात लावायचंही सोडलं. गाळ हाताने उपसला तर चार बोटांवर खालची काळी माती लागायची, हे मी स्वतः करून बघितलंय. तरीही 2009 साली बँकेचं कर्ज काढून ट्रक मीच घेतला. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. वय 22, रोजच्या खेपा, हातात रोकड. माझ्या वर्गातली निम्मी मुलं स्टिअरिंगवर होती. चीनला हलक्या प्रतीचं खनिजही हवं होतं. 2010-11 ला गोव्यातून 5 कोटी टनांवर माल गेला. नंतर सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली, त्यावरून समजा काय चाललं होतं.

ऑक्टोबर 2012 ला न्यायालयाने खाणी थांबवल्या. ट्रक अंगणात उभा, हप्ते चालू. कशाबशा परत सुरू झाल्या तर 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. म्हणून सांगतो, डिचोली पोखरली तेव्हा "आम्ही नव्हतो" म्हणू नकोस. तू नसशील. पण तरुण होते, मी होतो.

डोंगरवाट

मास्तर, खिडकीचं वाचून थांबलो. हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. आमचं घर भाटकारांचं, तुमचं मुंडकारांचं, म्हणजे माझ्या काकांना तुमच्यासारखी सबब नाही, एवढं तरी मान्य करा.

पण "तरुण ग्रामसभेत बोलत नाहीत" हे काकांचं म्हणणं मी ऐकून घेणार नाही. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये चांदरच्या रेल्वेरुळांवर लोक रात्रभर उभे होते, रेल्वेचं दुपदरीकरण आणि कोळसा वाहतुकीविरुद्ध. मोलेच्या जंगलासाठी चित्रं काढणारी, पत्रं लिहिणारी, माहिती अधिकारात कागद मिळवणारी बहुतेक मुलं पंचविशीतली होती. 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने मोलेतून जाणाऱ्या त्या रेल्वेमार्गाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. सत्तरी तालुक्यात शेळ-मेळावलीला 2021 मध्ये आयआयटीची जागा लोकांनी परत घेतली, त्यातही पोरं आणि बायका पुढे.

निवडून दिलेल्यांचं काय करायचं ते मात्र आम्हालाही कळत नाही. 2019 ला काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार एका रात्रीत पक्ष बदलतात, 2022 ला 11 पैकी 8. मत कुणाला दिलं यालाच अर्थ उरत नाही.

स्विंडनहून

लंडनचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. माझे आजोबा 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मले, म्हणून पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी त्यांची नोंद लिस्बनला केली, मग बाबांची, मग माझी. लोकांना वाटतं आम्ही मजेत निघून आलो. मी चार वर्षं सरकारी नोकरीसाठी फिरलो. एका जागेसाठी पैसे किती लागतील ते मला माझ्याच ओळखीच्या माणसाने घरी येऊन सांगितलं, आवाज न चढवता, भाजीचा दर सांगावा तसं. बाबा भाट विकून द्यायला तयार होते. मी नको म्हटलं आणि निघालो. इथे इंग्लंडात गोदामात रात्रपाळी करतो.

पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी भारताचं नागरिकत्व गेलं, मत गेलं. ग्रामसभेत बोलायचा हक्क गेला हे मला टोचतं. पण मी राहिलो असतो तर भाट गेलं असतं.

जुना मास्तर

स्विंडनच्या मुला, तुझ्यावर माझा राग नाही. पण तुझ्यासारखे कितीजण गेले आणि घरांना कुलपं लागली, त्याने गावाचं काय झालं हेही बघ. आमच्या वाड्यावर चवथीला आरतीला झांज वाजवायला माणूस मिळाला नाही. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याविरुद्ध गावात उभं राहायला जी माणसं हवीत तीच विमानात बसतात.

एक गोष्ट मात्र मी कबूल करतो, कारण ती मला रात्री झोपू देत नाही. 1990 साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं की प्राथमिकला अनुदान मराठी आणि कोकणी शाळांनाच. 2011 ला ते धोरण बदलून इंग्रजीलाही अनुदान खुलं झालं. त्याविरुद्ध मी मोर्च्यात होतो. त्याच जूनमध्ये माझी नात इंग्रजी शाळेत गेली आणि मी घरात एक शब्द बोललो नाही. मी जिथे 26 वर्षं शिकवलं ती शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. अंगणातली घंटा अजून टांगलेली आहे. तिथे माझी पिढी चुकली. मी चुकलो.

खाजनकाठ (तिसवाडी)

पिढ्यांचं सोडा, शेतात खारं पाणी येऊ न देणाऱ्या बांधाचं बोला. पूर्वी गांवकरी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, बांध सांभाळायची. कुळांना जमीन मिळाली, ते न्याय्यच झालं, पण बांध कुळांच्या संघटनेकडे आला आणि बांधावर रात्री दिवा घेऊन फिरणारा माणूस गेला. आता मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, पावणी (लिलाव) होते. मासे धरायची बोली ज्याने जिंकली त्याला खारं पाणी आत हवं असतं, शेतकऱ्याला बाहेर. फळ्या कधी घालायच्या हे तोच ठरवतो. खारं पाणी दोन हंगाम राहिलं की खारं सोसणारं कोरगुट भातसुद्धा येत नाही, तिथे कांदळ उगवते, आणि मग ती शेतजमीन कागदावरच उरते. ती पावणी ज्या बैठकीत ठरते तिथे गेल्या वर्षी आम्ही नऊजण होतो, सगळ्यात लहान मी, 54.

फोंड्याची

इतक्या वेळात एकही पुरुष एक गोष्ट बोलला नाही, म्हणून लिहिते.

डोंगरवाट, तू म्हणतोस काकांनी, बाबांनी विकलं. गोव्यात एकटा नवरा घर-जमीन विकूच शकत नाही. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला कायदा आहे, लग्नानंतर मालमत्तेत बायकोचा अर्धा हिस्सा, आणि विक्रीखतावर दोघांची सही लागते. मुलींचाही वाटा मुलांइतकाच. वारसांच्या बायका आणि जावईसुद्धा सहीला बसतात. देशात इतर बायकांना ज्यासाठी भांडावं लागलं ते आम्हाला आयतं होतं. आणि आम्ही काय केलं? माझ्या माहेरी भाट विकलं तेव्हा सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आम्ही तिघी बहिणी बाकावर बसलो होतो. कारकून पान उलटायचा, बोट ठेवायचा, "इथे." मी अकरा ठिकाणी सही केली. एकही पान वाचलं नाही. भावाशी संबंध बिघडू नयेत एवढंच डोक्यात होतं.

तुझ्या त्या डोंगराच्या विक्रीखतावर कुणाकुणाच्या सह्या आहेत, कधी बघितलंस?

ट्रकवाला

बाई, हे खरं. माझ्या कर्जाला जामीन आई होती. तिला मी "फक्त अंगठा दे" म्हटलं होतं.

डोंगरवाट

दोन दिवस लिहिलं नाही. कपाटातून विक्रीखत काढलं. शेवटच्या पानांवर काका-काकू, बाबा, आत्या, आतोबा आणि आईची सही. आईची सही शाळेतल्या मुलीसारखी, पूर्ण नाव, ओळीच्या वर. तिला विचारलं. म्हणाली, "चहा टाकला होता, हाक मारली, आले, केली. काय विकतात ते माहीत होतं. तुझ्या ताईचं इंजिनिअरिंग होतं त्या वर्षी." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली की त्या डोंगरावर तिच्या हातची बिंबलाची दोन झाडं होती, विकल्यावर त्यांची फळं काढायला गेली तर रखवालदाराने आत सोडलं नाही.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. उरलेल्या भाटाची वाटणी आता कोर्टात इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या कामात, आहे. काकांचं म्हणणं आहे, वाटण्या करत बसण्यापेक्षा सगळं एकत्र विकू, गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे माटोळीखाली मला बोलणारे तेच काका. कागद पुढच्या महिन्यात येतील. आमच्या बाजूने आई, ताई, भावजी आणि मी, चौघांच्या सह्या लागतील. आईला मी म्हटलं, पान न् पान मी तुला वाचून दाखवेन, मगच ठरवू. ताईचा फोन आला, तिला घराच्या हप्त्यांसाठी पैसे हवे आहेत.

जुना मास्तर

कागद आले की मलाही दाखव. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा आणि जागा कुठल्या झोनमध्ये आहे ते आधी काढून ठेव. 2023 च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही, तुझ्या भाटात सखल भाग असेल तर ते महत्त्वाचं आहे. रविवारी मी म्हापशाला असतो.