आईचा गुडघा: कॉम्प्युटर नेव्हिगेशन की नेहमीची पद्धत?

निफाडकर
आई 67 वर्षांची, निफाडला असते. दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेत, उजवा जास्त. उजव्या मांडीत जुन्या फ्रॅक्चरची प्लेट आणि स्क्रू अजून तसेच आहेत. मधुमेह आहे. नाशिकला दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघेही गुडघा बदलायचं (कृत्रिम सांधा बसवायचं) ऑपरेशन सांगतात. एक म्हणतात नेव्हिगेशननेच, म्हणजे कॉम्प्युटरने मोजमाप करत, करा, दुसरे म्हणतात साध्या पद्धतीने तेच होतं, जादा पैसे कशाला घालवता. खरंच फरक पडतो का?

अस्थिशल्य_नाशिक
प्लेट नसती तर दुसऱ्या डॉक्टरांशी मी सहमत झालो असतो. इथे मात्र नेव्हिगेशनच्या बाजूने माझं मत.

नेहमीच्या पद्धतीत गुडघ्याकडून मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब रॉड घालतात, त्यावर जिग (करवतीला दिशा देणारा साचा) बसवून सहसा 5 ते 7 अंशांचा कोन धरून हाड कापतात. रॉडला फक्त पोकळीची दिशा कळते, खुब्याचा मध्य अंदाजानेच धरलेला असतो. हाड सरळ असलं की अंदाज जमतो. फ्रॅक्चर वाकडं जुळलेलं असेल तर कापही वाकडा येतो, आणि स्क्रू पोकळीतून आरपार गेलेले असले तर रॉड आत जातच नाही. मग आधी प्लेट काढावी लागते, म्हणजे आणखी एक चीर, जास्त रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा जास्त धोका.

नेव्हिगेशनला रॉड लागत नाही. मांडीत आणि नडगीत 3-4 मिमीच्या पिना बसवून त्यांवर ट्रॅकर लावतात, ते इन्फ्रारेड कॅमेऱ्याला दिसतात. पाय खुब्यातून गोल फिरवला की कॉम्प्युटर खुब्याचा मध्य काढतो. घोटा आणि गुडघ्यावरचे बिंदू पॉइंटर टेकवून नोंदवायचे.

गडबड होते ती या नोंदणीत. बिंदू थोडा इकडेतिकडे टेकवला, किंवा ठिसूळ हाडात पिन हलली, तर पुढचे सगळे आकडे चुकतात आणि पडद्यावर मात्र ते बरोबरच वाटतात. आणखी एक: वाकलेल्या गुडघ्यात नडगीची आतली बाजू दगडासारखी घट्ट झालेली असते, तिथे करवतीचं पातं वर उचललं जातं. कापल्यावर त्या पृष्ठभागावर मोजणीची सपाट पट्टी ठेवून कोन पुन्हा मोजायलाच हवा.

पाय 3 अंशांच्या आत सरळ येण्याचं प्रमाण नेव्हिगेशनने वाढतं, हे नक्की. पण दुखणं आणि चालणं याबाबत पुढच्या काही वर्षांत बहुतेक रुग्णांमध्ये फरक दिसत नाही. आतल्या बाजूचं आखडलेलं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) किती सोडवायचं, पाय सरळ असताना आणि वाकवल्यावर दोन हाडांमधली फट एकसारखी येते का, हे ठरवणारा शेवटी सर्जनच.

फिजिओ_कॉलेजरोड
व्यायाम दोन्हींत तेच. दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करायचं, टाचेखाली उशी ठेवून गुडघा पूर्ण सरळ करायचा, वाकणं 90 अंशांपर्यंत आणायचं. गुडघ्याखाली उशी कधीच नको, सांधा वाकलेलाच राहतो. नेव्हिगेशनमध्ये एका गोष्टीवर लक्ष ठेवा: काही आठवड्यांनी पिनेच्या जागी नवीन दुखायला लागलं तर व्यायाम थांबवून एक्स-रे काढा. त्या भोकातून हाड मोडल्याची उदाहरणं आहेत, क्वचित असली तरी.

निफाडकर
धन्यवाद. पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय दाखवू?

अस्थिशल्य_नाशिक
खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लाँग लेग एक्स-रे, उभं राहून काढलेला, गुडघ्याच्या वाट्या समोर. नुसत्या गुडघ्याच्या फिल्मवर मांडीचा बाक दिसत नाही. खुबा मोकळा फिरतो का तेही तपासून घ्या. अगदी आखडलेला असेल तर खुब्याचा मध्य काढता येत नाही. एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 8 च्या वर असेल तर ऑपरेशन पुढे ढकला. मशेरी लावत असतील तर आजपासून बंद, आणि हिरड्यांत पू असेल तर दातांचं काम आधी उरका. जंतुसंसर्ग झाला तर कोन कितीही अचूक असला तरी सांधा काढावा लागू शकतो.

बिलतपासनीस
पैशाचं: ऑगस्ट 2017 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याला कमाल किंमत ठरवून दिली. ती फक्त सांध्याची. नेव्हिगेशन, पिना, ट्रॅकर यांचा खर्च वेगळा लागतो, म्हणून अंदाजपत्रकात तो स्वतंत्र ओळीत लिहून मागा. सांध्याच्या खोक्यावरचे बॅच नंबरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. पुढे कधी सांधा बदलायची वेळ आली तर सर्जन पहिल्यांदा तेच विचारतो.