नवीन काम गळ्यात पडलंय, नाही म्हटलं तर नोकरी जाईल का?

चटईवाला_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात 17 वर्षं स्टोअर सांभाळतोय. प्लास्टिकचा दाणा किती आला, मशीनला किती गेला, रंगाचा मास्टरबॅच किती उरला, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. दिवाळीनंतर डिस्पॅचचा पोरगा पुण्याला निघून गेला. त्याच्या जागी कोणी घेतलं नाही. धाकट्या शेठनी बोलावून सांगितलं, "काका, उद्यापासून डिस्पॅच आणि ई-वे बिल तुम्हीच बघा." म्हणजे माल रवाना करायचा आणि गाडीसोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद बनवायचा. पगाराचं नाव नाही. त्या पोराने जाता जाता अर्धा तास दाखवलं तेवढंच शिक्षण.

तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला सुरतची गाडी भरली. ड्रायव्हर खिडकीशी उभा, हमाल मजुरीसाठी खोळंबलेले, आणि मी एका बोटाने गाडीचा नंबर टाकतोय. एमएच 19 च्या जागी एमएच 18 पडलं. रात्री अडीचला फोन, नवापूरच्या पुढे सोनगडजवळ गाडी अडवलीय. सकाळी शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "जमत नसेल तर सांगा, माणसं भरपूर मिळतात." नुकसान पगारातून कापू, असंही म्हणाले.

वय 46. मुलगी बारावीला, घराचे हप्ते चालू. तेव्हापासून फोन वाजला की पोटात गोळा येतो. माझं मत असं की ज्या कामावर लागलो ते सोडून दुसरं गळ्यात मारायचा मालकाला हक्क नसावा. मेहुणे म्हणतात, साफ नाही म्हणा. बायको म्हणते, शिकून घ्या. तुम्ही काय म्हणता?

डाळमिलवाला

भाऊ, राग मानू नका, मी पलीकडच्या बाजूचा. माझी छोटी डाळ मिल आहे, 14 माणसं. माणूस गेला की त्याचं काम कोणीतरी उचलावंच लागतं. हंगामात मी स्वतः पोती उचलली आहेत, माझा मुकादम गरज पडली की काट्यावर बसतो. "हे माझं काम नाही" असं म्हणणारे दोघं असले तर 14 माणसांचं युनिट बंद पडतं. ई-वे बिल आठ-पंधरा दिवसांत हाताखालून जातं. मात्र शेठनी तुम्हाला चारचौघांत बोलायला नको होतं. 17 वर्षांच्या माणसाला आत बोलावून सांगतात.

पारोळेकर

दादा, तुमचं ऐकायला बरं वाटतं, पण मी ते भोगलंय. एका जिनिंगमध्ये होतो. आधी नुसता काटा. मग गाठींचा हिशेब. मग बँकेच्या फेऱ्या. तीन जणांचं काम, पगार एकाचा. शिकलो, कुरकुर केली नाही. हंगाम सरला तेव्हा सगळ्यात आधी घरी कोण बसलं? मी. कारण तोवर सगळा हिशेब कॉम्प्युटरवर मीच चढवून दिला होता, आता तो कोणीही चालवू शकत होता. शिका शिका म्हणणाऱ्यांनी शिकलेल्या माणसाला ठेवून घ्यायची हमी पण द्यावी. भाऊ, आत्ता मान तुकवली तर उद्या वसुलीचे फोन पण तुमच्याच टेबलावर येतील.

भुसावळ_शेड

आमचे वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. कोळसा गेला, डिझेल आणि वीज आली, तेव्हा त्यांचंही काम बदललं. घरात आठवडाभर कोणी नीट जेवलं नव्हतं, मला आठवतं. पण रेल्वेने त्यांना पगार चालू ठेवून भुसावळलाच ट्रेनिंगला बसवलं, मग असिस्टंट ड्रायव्हर केलं. काम बदलण्याला माझा विरोध नाही. न शिकवता बदलायचं आणि चुकलं की पगार कापायचा, याला आहे.

डाळमिलवाला

ती सरकारी रेल्वे हो. आमच्याकडे ट्रेनिंग सेंटर कुठून आणू?

भुसावळ_शेड

सेंटर नको. जुना पोरगा जायच्या आधी आठ दिवस शेजारी बसवायचं. त्याला पैसा लागत नाही.

कामगार_कायदा_धुळे

कामगार खटल्यांचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर. मेहुण्यांचं ऐकू नका. वरिष्ठाचा कायदेशीर आणि वाजवी हुकूम मुद्दाम न पाळणं हे आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या नमुना नियमांत, गैरवर्तन म्हणून लिहिलेलं आहे. तोंडी "नाही" म्हणालात तर त्यांच्या हातात आयतं कोलीत देताय. 21 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय काम बदलता येत नाही, असं लोक छातीठोक सांगतात. ती नोटीस जुन्या 1947 च्या कायद्यात होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, पण ती पगार, कामाचे तास, पाळ्या, रजा अशा ठरावीक गोष्टींना. नुसतं काम वाढलं म्हणून ती आपोआप लागू होत नाही. तास वाढले असतील तर मात्र जरूर बोला.

रागाच्या भरात राजीनामा देऊ नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. कामगार कमी करायचा तर मालकाला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. राजीनामा दिलात की ही भरपाई गेली. ग्रॅच्युइटी तेवढी राहते. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 16,000 असेल, तर 26 ने भागून 15 ने आणि 17 वर्षांनी गुणा, साधारण 1 लाख 57 हजार.

आणखी एक. उद्या शेठ खूश होऊन तुम्हाला "डिस्पॅच सुपरवायझर" करतील. खरोखर देखरेखीचं काम आणि पगार महिना 18,000 च्या वर, असं झालं की तुम्ही संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येतून बाहेर पडता, म्हणजे वर सांगितलेलं संरक्षण जातं. कोर्ट पाटी बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं, तरीही सही करायच्या आधी विचार करा.

आणि त्या 18-19 च्या चुकीचं इतकं मनाला लावून घेऊ नका. गाडी नंबरात एक-दोन अंक चुकले तर माल जप्तीची मोठी कारवाई न करता किरकोळ दंड घ्यावा, असं केंद्राचं 14 सप्टेंबर 2018 चं परिपत्रकच आहे. परराज्यात जाणाऱ्या मालाला तो 1000 रुपये. तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नुकसानीपोटी पगार कापता येत नाही. "काम करतो, पण शिकवा आणि जबाबदारी लेखी द्या" असा साधा अर्ज द्या, पोच घ्या.

धुळ्याची_ताई

वकीलसाहेब, कायदा तुम्हाला ठाऊक, पण आपल्याकडे शेठला कागद दिला की तो भांडणाचा कागद होतो. मी दवाखान्यात रिसेप्शनला होते, एका दिवसात बिलिंगला बसवलं. महिनाभर रडत घरी आले. मग एक दोनशे पानी वही केली, प्रत्येक चुकीला एक पान. काय चुकलं, कुठलं बटण दाबायचं होतं. चाळिसाव्या पानानंतर नवीन पान उघडायला लागलं नाही. दादा, तुम्ही नंबर कागदावरून टाकू नका, ड्रायव्हरला आरसी बुक घेऊन शेजारी उभं करा आणि मोठ्याने वाचायला लावा. भीती आधी हातातून जाते, मग पोटातून. अर्ज नंतर बघू.

पारोळेकर

ताई, वही भरली, पण पगार किती वाढला?

धुळ्याची_ताई

तिथे नाही वाढला. दीड वर्षाने दुसऱ्या दवाखान्यात बिलिंगच्याच जागेवर गेले, तिथे वाढला.

अमळनेरना_भाऊ

भो, तुनी चूक नही शे. घाबरू नको. कागद दे, पण थोरला शेठना हातमा दे. 17 वरीस त्यासनी तुले दखेल शे, धाकलानी नही.

चटईवाला_जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. मेहुण्यांचं ऐकायचं नाही एवढं पक्कं केलं. थोरले शेठ लग्नाला गावाला गेलेत म्हणून काल धाकट्यांकडेच अर्ज नेला. चार ओळी होत्या. उभ्या उभ्या वाचला, पोच द्यायला पेन काढलं, मग "पप्पांना विचारतो" म्हणत ड्रॉवरमध्ये टाकला. सही दिली नाही. पगार कापायचं मात्र पुन्हा काढलं नाही.

कामगार_कायदा_धुळे

तोच अर्ज आजच्या आज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.

डाळमिलवाला

असा कागद पोस्टाने आला तर मला तरी लागेल. थोरल्यांना येऊ द्या, समोर बसून बोला. मी त्यांच्या जागी असतो तर सही केली असती.

चटईवाला_जळगाव

थोरले सोमवारी येतायत. तोवर थांबतो, अर्जाची झेरॉक्स बायकोकडे दिलीय. आत्ता इंदूरची गाडी लागलीय. ड्रायव्हरला आरसी घेऊन आत बोलावलंय.