बाकावरची पोरं नाराज आहेत, मोठे कोच काय करतात?

चोपडा_सर:
राम राम मंडळी. आमच्या शाळेची १७ वर्षांखालची फुटबॉल टीम आहे, पुढच्या महिन्यात जळगावला जिल्हास्तर. अडचण खेळाची नाहीये, बाहेर बसणाऱ्या पोरांची आहे. मागच्या वर्षीचा आमचा स्ट्रायकर यंदा पहिल्या अकरात बसत नाही, कारण नववीतला एक पोऱ्या त्याच्यापेक्षा जास्त पळतो आणि मागे येऊन बॉलपण हिसकावतो. काल नावं वाचली तर याने बूट काढले, लेसला लेस बांधून खांद्यावर टाकले आणि निंबाखाली जाऊन बसला, त्याच्यामागे अजून दोघं गेले. वर्ल्ड कपला तर केवढे मोठे खेळाडू बाहेर बसतात, तिथं हे कसं निभावतात? भाषणं नको, मॅचमधलं सांगा.

धुळ्याचा_लेफ्टविंग:
सर २०२२ ची अर्जेंटिना घ्या. लाउतारो मार्टिनेझ त्यांचा ठरलेला नंबर नऊ, म्हणजे मुख्य स्ट्रायकर. सौदीने पहिल्याच मॅचला २-१ हरवलं आणि त्यांचा कोच स्कालोनी टीम बदलत गेला, पोलंडच्या मॅचला तर लाउतारो बाहेर आणि हुलियान आल्वारेझ आत, एन्झो फर्नांडेझपण तेव्हापासूनच सुरुवातीला खेळायला लागला. पुढं क्वार्टर फायनलला नेदरलँड्सशी २-२, पेनल्टी आल्या आणि जिंकून देणारी शेवटची पेनल्टी कोणी मारली, तर बदली म्हणून आलेल्या लाउतारोनेच. क्लबचा कोच नाराज खेळाडू विकून मोकळा होतो, देशाच्या कोचला तेच २६ जण घेऊन महिना काढायचा असतो, शाळेचंही तसंच ना, आहेत तीच पोरं. तुमच्या स्ट्रायकरला पेनल्टी मारणाऱ्यांच्या यादीत आत्ताच घ्या आणि ते त्याला सांगा.

भुसावळ_गोली:
मी गोलकीपर आहे म्हणून माझा जीव वेगळीकडे अडकतो भो. २०१४ ला नेदरलँड्सचा कोच फान गालने कोस्टारिकाविरुद्ध १२० व्या मिनिटाला, पेनल्टीच्या तोंडावर, गोली सिलेसनला काढून राखीव गोली टिम क्रुलला आणलं, क्रुलने दोन पेनल्टी अडवल्या, सगळ्या जगाने वाहवा केली. पण सिलेसनला आधी सांगितलंच नव्हतं! बाहेर येताना त्याने बाटलीला लाथ घातली ते टीव्हीवर दिसलं. पुढच्याच मॅचला अर्जेंटिनाशी परत पेनल्टी, तिन्ही बदल संपलेले, म्हणजे आता त्याच सिलेसनवर भिस्त, एकही अडली नाही आणि नेदरलँड्स बाहेर. मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक, पण मला तरी ते बघवलं नाही. त्याच फान गालची दुसरी गोष्ट मात्र फार आवडते, तिसऱ्या नंबरच्या मॅचला अगदी शेवटी त्याने तिसरा गोली फोर्म आत पाठवला आणि टीमचे सगळे २३ जण वर्ल्ड कप खेळले, असं आधी कुठल्याच देशाने केलं नव्हतं. सर, नावं सगळ्यांसमोर वाचायच्या आधी त्या पोराला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, माझं तरी स्पष्ट मत आहे.

चोपडा_सर:
आणि मागे गेलेल्या दोघांचं काय करू? थेट काढून टाकू का, तसं बोलणारे स्टाफरूममध्ये आहेत.

धुळ्याचा_लेफ्टविंग:
नका काढू. २०१० च्या वर्ल्ड कपला फ्रान्सने आनेल्का या खेळाडूला घरी पाठवलं तर सगळी टीमच प्रॅक्टिसला उतरली नाही, बसमध्ये बसून राहिली, आणि खेळाडूंचं निवेदन पत्रकारांना वाचून दाखवायची वेळ खुद्द कोचवर आली. ग्रुपमध्ये शेवटचा नंबर.

अमळनेरचे_काका:
पोरांनो, आपल्या देशाचं कोणी बोललंच नाही. १९६२, जकार्ता, एशियन गेम्स. पहिलीच मॅच आपण दक्षिण कोरियाकडून २-० हरलो होतो. मग थायलंडच्या मॅचला डिफेंडर जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. आपले कोच रहीम साहेबांनी त्याला घरी नाही बसवलं, मागून काढून थेट फॉरवर्डला खेळवलं, आणि फायनलला त्याच कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जींनी एक आणि जर्नेलने एक मारला, २-१, गोल्ड मेडल. रहीम साहेब स्वतः कॅन्सरने आजारी होते, पुढच्या वर्षी गेले. सर, तुमचा पोऱ्या स्ट्रायकर म्हणून बसत नसेल तर दुसऱ्या कुठल्या जागेवर चालतो ते बघितलं का?

चोपडा_सर:
काका, उजवीकडून विंगला चालेल, पाय जोरात आहे त्याचा. उद्या साडेसहाला प्रॅक्टिस आहे, त्याला सहालाच एकट्याला बोलावलंय, त्या दोघांशी नंतर बोलतो. भुसावळ_गोली भाऊ, आमचा राखीव गोली आठवीतला आहे, त्याला सरावाच्या मॅचमध्ये अर्धा वेळ द्यावा का पूर्ण मॅच?