माउंटन डल्सिमरवर शुद्ध निषाद मिळत नाही: पडदा वाढवावा की तार उतरवावी?

प्रश्न : आर्वीचा मँडोलिनवाला

सर्वांना नमस्कार. मी आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि गावच्या भजनी मंडळात वीस वर्षांपासून मँडोलिन वाजवतो. अमेरिकेत असलेल्या माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत येताना तिकडच्या ॲपलेशियन डोंगराळ भागातील माउंटन डल्सिमर हे वाद्य माझ्यासाठी आणले. ते अक्रोडाच्या लाकडाचे असून मध्ये डमरूसारखे आवळलेले आहे, मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे आहे, त्याला तीन तारा आहेत आणि मेरूपासून (तारांचा वरचा टेकू) घोडीपर्यंतचे (खालचा टेकू) अंतर बरोबर 70 सेंटिमीटर भरते. सोबतच्या कागदाप्रमाणे मी पेटीची पांढरी दोन पट्टी षड्ज धरून तारा सा-प-सा अशा लावल्या आहेत.

भाच्याने पाठवलेल्या तिकडच्या काही पारंपरिक चाली मी मँडोलिनवर आणि माझी मुलगी डल्सिमरवर अशा आम्ही बसवत आहोत. बहुतेक चाली सरळ बिलावलाच्या, म्हणजे सर्व शुद्ध स्वरांच्या, अंगाने जातात. परंतु निषाद आला की दोघांचे बिनसते. माझा निषाद शुद्ध लागतो, तर तिच्या सहाव्या पडद्यावर कोमल निषाद येतो आणि सातव्यावर थेट तार षड्ज. मधली जागा रिकामीच आहे. आमचे गावचे सुतार त्या जागी खाच पाडून पितळी तारेचा पडदा बसवून देण्यास तयार आहेत. वाद्यात मुळातच दोष आहे का, आणि पडदा बसवून घ्यावा का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : खमाज_यवतमाळ

काका, सुतारांना तूर्त थांबायला सांगा. वाद्य निर्दोष आहे; ते जुन्या पद्धतीने बनवलेले आहे, एवढेच. मँडोलिनवर प्रत्येक अर्ध्या सुराला पडदा असल्यामुळे बाराही स्वर हाताशी असतात. डल्सिमरवर मात्र सप्तकाला सातच पडदे असतात. पेटीवर पांढरी पाचला सा मानून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवून पाहा. जो क्रम ऐकू येईल, तोच आपल्या वाद्याच्या मोकळ्या तारेपासून निघतो. निषाद कोमल, बाकी सारे शुद्ध, म्हणजे आपला खमाज थाट.

यावर तिकडच्या डोंगरातील जुन्या वादकांनी पडदे न वाढवता तार उतरवण्याचा मार्ग काढला होता. चालीची तार, म्हणजे जिच्यावर धून वाजते ती, वरच्या षड्जावरून मधल्या तारेच्या पंचमाइतकी खाली आणा. तारा आता सा-प-प अशा होतील, षड्ज तिसऱ्या पडद्यावर येईल आणि तिथून दहाव्या पडद्यापर्यंत स्वच्छ बिलावल मिळेल. आपल्याला छळणारा शुद्ध निषाद नवव्या पडद्यावर बसलेला सापडेल. शिवाय षड्जाच्या खालचे प, ध आणि नि हे मंद्र स्वरही मोकळी तार, पहिला आणि दुसरा पडदा यांवर आपोआप मिळतात, जे सा-प-सा लावणीत त्या तारेवर मुळीच मिळत नव्हते. तीच तार मंद्र मध्यमात उतरवली तर चौथ्या पडद्यापासून काफी थाट (ग, नि कोमल) येतो, आणि मंद्र कोमल निषादात ठेवली तर पहिल्या पडद्यापासून आसावरी (ग, ध, नि कोमल). आपल्याकडे मूर्च्छना, म्हणजे त्याच स्वरांतील दुसऱ्या स्वराला षड्ज मानणे, शिकवताना गुरुजी षड्ज सरकवून दाखवतात, त्याचे इतके उघड उदाहरण मला दुसऱ्या कुठल्या वाद्यात दिसलेले नाही. उरलेल्या दोन तारा सा आणि प यांवर अचल राहून तानपुऱ्याचे काम करतात.

निषाद लागणारच नाही अशाही पुष्कळ चाली तिकडे आहेत. सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस या इंग्रज लोकगीत-संग्राहकांनी 1916 ते 1918 या काळात त्या डोंगरांत फिरून गाणी टिपून घेतली, तेव्हा त्यांना पाचच स्वरांच्या चाली मोठ्या संख्येने आढळल्या. आपल्याला त्या भूपाच्या जवळच्या वाटतील. मुलीला आरंभी अशाच चाली द्या.

तिला बोटांऐवजी नोटरने वाजवू द्या, असेही सुचवते. नोटर म्हणजे करंगळीएवढी गुळगुळीत काडी. ती चालीच्या तारेवर दाबून सरकवत न्यायची आणि उजव्या हाताने तिन्ही तारा एकदम छेडायच्या. केंटकीच्या व्हायपर गावी जन्मलेल्या जीन रिची (1922–2015) यांनी हे वाद्य न्यूयॉर्कसारख्या शहरांतील श्रोत्यांपर्यंत नेले. त्या काडीने आणि पक्ष्याच्या पिसाच्या देठाने वाजवीत असत. मी कोंबड्याचे पीस वापरून पाहिले, पण ते फार मऊ पडते.

उत्तर : साकोलीचा पेटीदुरुस्त

ताईंचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, तरीही पडदा बसवणे हा काही अपराध नव्हे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडचे कारागीर स्वतःच हा जादा पडदा बसवू लागले, आणि सहाव्या व सातव्याच्या मधला म्हणून त्याला साडेसहावा पडदा असे नावही मिळाले. 70 सेंटिमीटर लांबीच्या तारेवर त्याची जागा मेरूपासून 32.9 सेंटिमीटरवर येते. खाच पाडण्यापूर्वी त्या ठिकाणी वेळूची बारीक कामटी सातव्या पडद्यापेक्षा किंचित कमी उंचीची घासून चिकटवा आणि महिनाभर वाजवून पाहा. गरज पटली तरच करवत लावा. केवळ चालीच्या तारेखाली पडदा ठेवला तरी चालतो. जुन्या डल्सिमरांवर सगळेच पडदे तसे आखूड असत.

मला पडद्यापेक्षा आपल्या वैशाखाची अधिक काळजी वाटते. पारा 45 अंशांवर गेला की माझ्याकडे तडकलेल्या पेट्यांची रांग लागते, आणि या वाद्याचे लाकूड तर पेटीहून कितीतरी पातळ आहे. ते भिंतीला टांगू नका. झाकणाच्या पेटीत ठेवून, छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज घालून ती डबी वाद्याला न टेकता आत ठेवा आणि स्पंज दर दोन दिवसांनी भिजवा. कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नका. दिवसा ओल आणि रात्री कोरड अशा फेऱ्यांत सांधे सुटतात.

उत्तर : मोर्शीचा तंतकार

निषादाचा प्रश्न सुटलेला दिसतो, म्हणून मँडोलिनविषयी थोडे लिहितो. मँडोलिनच्या चार जोड्या व्हायोलिनप्रमाणेच लावलेल्या असल्यामुळे तिकडच्या फिडलच्या (लोकसंगीतातील व्हायोलिनच्या) चाली त्याच बोटांनी जशाच्या तशा उचलता येतात. पांढरी दोनच्या सुरात वाजवताना आपल्या मधल्या दोन जोड्या मोकळ्या सा आणि प देतात, त्यांचा भरपूर उपयोग करा.

अमेरिकन मँडोलिनवादक बिल मनरो (1911–1996) यांच्या ब्लूग्रास या संगीतशैलीत मँडोलिन मात्रांच्या मध्ये तारा दाबून तोडून वाजवतात. त्या बँडमध्ये ढोलक किंवा तबल्यासारखे वाद्य सहसा नसते, म्हणून तो ‘चॉप’ ठेक्याचे काम करतो. आपल्या घरात तो चालणार नाही, कारण डल्सिमरचा आवाज अगदी नाजूक असतो आणि तो त्याखाली पूर्ण झाकला जाईल. ठेका खंजिरीवाल्याकडे सोपवावा, आणि त्यालाही दारापाशी बसवून. मुलगी चाल धरील तेव्हा आपण एकाच जोडीवर हलका ट्रेमोलो (तोच सूर भरभर छेडत राहणे) ठेवा, आणि पुढच्या आवर्तनात चाल आपल्याकडे घ्या. तिकडच्या नृत्याच्या चालींचे बहुधा दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो, त्यामुळे ही देवाणघेवाण सहज बसते.

प्रश्नकर्ता : आर्वीचा मँडोलिनवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तार पंचमात उतरवताच नवव्या पडद्यावर निषाद माझ्या मँडोलिनशी तंतोतंत मिळाला. सुतारांनी खाच न पाडता वेळूचा नोटर घासून दिला, त्याचे पैसेही घेतले नाहीत. मंडळ काळी एकमध्ये गात असल्याने आम्ही दोन्ही वाद्ये अर्धा सूर उतरवली आहेत. एक अडचण मात्र राहिली आहे: काफीसाठी तार मध्यमात नेली की ती सैल पडून पडद्यांवर झणझणते. सध्या सतारीच्या बाजाची (मुख्य तारेची) 0.30 मिलिमीटरची पोलादी तार लावलेली आहे.

उत्तर : साकोलीचा पेटीदुरुस्त

काफीसाठी 0.36 मिलिमीटरची तार लावा, झणझण जाईल. ती मध्यमात आणि पंचमात चांगली बोलेल. परंतु वरच्या षड्जापर्यंत चढवू नका, तेवढा ताण त्या पातळ लाकडाला देणे मला योग्य वाटत नाही. सा-प-सा लावायचे असेल त्या दिवशी जुनी तार परत घाला.